गोझो: शांत बेटावर दहा दिवस आणि मिठात रोवलेला ट्रायपॉड

उजेडवाला:

गेल्या जूनमध्ये दहा दिवस गोझोला राहून आलो. धागा काढायचा तेव्हापासून राहिलाय. कारण एकच, तिथे मी एक मूर्खपणा केला आणि तो सांगितल्याशिवाय बाकीचं सांगायला तोंड उघडत नाही.

आधी जागेबद्दल. गोझो हे माल्टा देशाचं दुसरं बेट. क्षेत्रफळ ६७ चौरस किलोमीटर, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतची जुनी मुंबई, जवळपास तेवढंच. मुंबईच्या त्या तुकड्यात तीस लाख माणसं मावतात, इथे चाळीस हजारांच्या आसपास. विमानं उतरतात ती माल्टाला. आम्ही फ्रँकफर्टहून गेलो, अडीच-पावणेतीन तास. मग माल्टाच्या उत्तर टोकाला चिरकेव्वाचा धक्का आणि तिथून फेरीबोटीने पंचवीस मिनिटांत गोझोचं इमजार बंदर. जाताना तिकीट कोणी विचारतच नाही, भाडं गोझोहून परत निघताना घेतात. बायको म्हणाली, "म्हणजे परत यायचंच नसेल तर फुकट." दहाव्या दिवशी तिला हे पुन्हा आठवलं होतं.

"शांत बेट" असं वाचून गेलो होतो. पहिल्या सकाळी आठच्या सुमाराला असा धडाका झाला की मी कॉटवरून खाली. मग दुसरा, तिसरा. घरमालकीण शांतपणे कपडे वाळत घालत होती. म्हणाली, "श्युकियाची फेस्टा जवळ आलीय." जून ते सप्टेंबर बेटावर पाळीपाळीने गावांच्या जत्रा. प्रत्येक गावाचा आपापला संत, आपापला बँड, आणि दारूकाम गावातलेच लोक स्वतः तयार करतात. श्युकियाचा संत जॉन द बाप्टिस्ट, त्याचा दिवस २४ जून. त्या एवढ्याशा गावातल्या चर्चचा घुमट इतका अवाढव्य आहे की बेटावर जवळजवळ कुठूनही तो दिसतो. जुनं चर्च आत तसंच ठेवून त्याच्याभोवती नवं बांधलं, म्हणजे बांधकामाच्या काळात प्रार्थना बंद पडायला नको. कामाची ही पद्धत मला फार आवडली.

फोटोंसाठी मी यादी करून गेलो होतो. आम्हा लोकांना हा रोगच असतो. यादीत पहिलं नाव द्वेय्राचं. तिथली "निळी खिडकी" म्हणजे समुद्रात उभी असलेली २८ मीटर उंच चुनखडीची कमान, माल्टाच्या निम्म्या पोस्टकार्डांवर हीच. ८ मार्च २०१७ ला सकाळी वादळात ती कोसळली. कमान गेली आणि ज्या खांबावर ती टेकली होती तो खांबही गेला. हे मला माहीत होतं, तरी मी तिथे जाऊन ज्या कोनातून सगळे फोटो काढायचे त्याच कोनात उभा राहिलो. समोर नुसतं पाणी. शेजारी एक जर्मन काका, त्यांचाही कॅमेरा त्याच दिशेला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनीही कॅमेरे खाली केले. दुकानात चुंबकं मात्र अजून त्या कमानीचीच विकतात.

मग खाली पाहिलं. पायाखालचा खडक बिस्किटांनी भरलेला! मारी बिस्किटाएवढ्या चपट्या, गोल समुद्री अर्चिनचे जीवाश्म, एकावर एक, काही अर्धे झिजलेले, काहींवर पाच पाकळ्यांची नक्षी अजून स्पष्ट. लोक त्यांच्यावरून चालत जाऊन क्षितिजाचा सेल्फी काढत होते. (फोटो १.) दीड तास मी तिथे उकिडवा बसलो होतो. गुडघे अजून बोलतात.

आता मूर्खपणा. त्या दिवशी दुपारी आम्ही रामला बीचवर होतो. तिथली वाळू तांबूस, आपल्या पायरीच्या आंब्याच्या सालीसारखी. तिथून संध्याकाळी मारसालफोर्नच्या पुढे श्वेय्नीला गेलो. तिथे किनाऱ्याचा खडकच कोरून केलेली मिठागरं आहेत. बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन, मैलभर तरी सलग पसरलेले. सूर्य कलला की प्रत्येक चौकोनात वेगळं आकाश दिसतं. एका चौकोनाची चौकट मला हवी तशी मिळेना, म्हणून दोरी ओलांडून आत गेलो आणि ट्रायपॉड सरळ त्या उथळ पाण्यात उभा केला. पाटी होती. वाचलीही होती. "आत येऊ नका" हे दुसऱ्यांसाठी असतं असं आपल्याला कायम वाटतं.

मागून आरोळी आली. सत्तरीचा माणूस, उघडा, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात लांब दांड्याचा ब्रश. मी ट्रायपॉड उचलला. तो आरडाओरडा करेल असं वाटलं होतं, पण त्याने तळाशी धरलेल्या पांढऱ्या थराकडे नुसतं बोट दाखवलं आणि इंग्रजीत म्हणाला, "हे उद्या झाडायचं होतं. आठवड्याचं आहे." बस्स. आणि वळून गेला.

रात्री झोप आली नाही. पहाटे साडेपाचला परत गेलो, कॅमेरा पिशवीतच ठेवून. माफी मागितली. त्याने वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "पोतं धर." दोन तास मी पोत्याचं तोंड धरून उभा होतो. तो आणि त्याची मुलगी ब्रशने मीठ चौकोनाच्या कोपऱ्यात ओढत, त्याचा ढीग करत, पाणी निथळू देत, मग बादलीने पोत्यात. ओलं मीठ ब्रशखाली सरकताना पावसाळी पत्र्यावरून खराटा फिरवल्यासारखा आवाज येतो. पाठीमागे रस्त्याच्या पलीकडे कड्यात कोरलेल्या खोल्या, त्यांना लाकडी दारं, तिथे मीठ साठवतात आणि तिथेच पिशव्या विकायलाही ठेवतात. साडेसातला तो म्हणाला, "आता काढ फोटो. रस्त्यावरून." (फोटो २ ते ६.) सगळे रस्त्यावरूनच आहेत.

पुढचे सहा दिवस सकाळी तिथेच जात होतो. यादी बायकोच्या पुस्तकात खूण म्हणून लागली.

शंकासुर:

लेख छान. पण फोटो दिसत नाहीयेत. फक्त मलाच की सगळ्यांना?

पोहेप्रेमी:

मलाही नाही. नुसत्या काळ्या चौकटी.

उजेडवाला:

अरे देवा. रात्री पुन्हा चढवतो. तोवर चालवून घ्या.

आगरकन्या:

दादा, वाचताना अंगावर काटा आला, कारण त्या म्हाताऱ्याच्या जागी मला माझे आजोबा दिसले. आमचं पेणकडचं मिठागर होतं, खारेपाटातलं. आता बांध फुटून खारफुटी झालीय, पण लहानपणी मे महिन्यात आम्ही तिथेच असायचो. आगरात चप्पल घालून उतरलं की पाठीत धपाटा. आमच्याकडे खडक नाही, चिखल. तो पायाने तुडवून तुडवून तळ असा घट्ट करायचा की मीठ ओढताना माती वर येता कामा नये. त्या तुडवण्यातच अर्धा जीव जायचा. म्हणून कोणी बाहेरचा माणूस मध्ये पाय टाकला की आजोबा बोलायचे नाहीत, नुसते बघायचे. तुमच्या त्या गृहस्थांसारखेच.

भरतीचं पाणी उघाडीतून घ्यायचं, आधी मोठ्या तळ्यांत तापवायचं, मग लहान कोंड्यांत सोडायचं. तिकडेही असंच असतं का? आणि पावसाचं काय करतात?

उजेडवाला:

आगरकन्या, अगदी तसंच. किनाऱ्याकडच्या मोठ्या खळग्यांत समुद्राचं पाणी भरून तापवतात, मग ते लहान चौकोनांत घेतात. आठवडाभरात मीठ धरतं. उलटं आहे ते फक्त पावसाचं. तुमच्याकडे जूनमध्ये आगर संपतं, त्यांच्याकडे साधारण तेव्हाच ऐन भरात येतं. त्यांचा पाऊस हिवाळ्यातला. मे ते सप्टेंबर मीठ, आणि हिवाळ्यात वायव्येचा वारा सुटला की लाटा सगळ्या चौकोनांवरून जातात. त्या वाऱ्याला ते मायिस्त्राल म्हणतात. चिखल नसल्यामुळे बांध फुटत नाही, पण खडक झिजतो, कडा ढासळतात, त्या दरवर्षी डागडुजी करून घ्याव्या लागतात.

त्याला मी तुमच्या चिखलाच्या आगरांचं सांगितलं होतं. (मी घाटावरचा, मला शिरोडा आणि विक्रोळी-भांडुपची मिठागरं नुसती बाहेरून माहीत, पण फुशारकी मारली.) तो विचारात पडला आणि म्हणाला, "मातीवर पांढरं मीठ? कसं काय जमतं?" तुमच्या आजोबांनी याचं उत्तर दिलं असतं.

निळी छत्री:

शिरोड्याचं नाव निघालं म्हणून: १९३० चा मिठाचा सत्याग्रह तिथेही झाला होता, मे महिन्यात. माझ्या आजोळची माणसं त्या आठवणी सांगायची. आता तिथे गेलं की मिठागराकडे वळून कोणी बघत नाही, सगळे बीचवर. अवांतराबद्दल क्षमस्व.

लेन्सवेडा:

उजेडवाला, तंत्राचं थोडं सांगा की. पाणी गुळगुळीत करायला दहा स्टॉपचा फिल्टर, म्हणजे उजेड अडवून शटर बराच वेळ उघडं ठेवू देणारी काळी काच, वापरला का? श्वेय्नीचे नेटवर दिसणारे सगळे फोटो तसेच आहेत, समुद्राचा धूर झालेला.

उजेडवाला:

फिल्टर नेला होता, दोनदा लावला, मग पिशवीत गेला तो गेलाच. समुद्राचं दूध करून ठेवलं की तो कुठलाही समुद्र होतो, हर्णैचाही आणि गोझोचाही. मला त्या चौकोनांतली वाऱ्याने येणारी बारीक लहर हवी होती. दीर्घ एक्स्पोजरमध्ये तीच आधी मरते.

खरी अडचण कॅमेऱ्याच्या उजेड मोजण्याची. आपण काळ्या पाषाणावर वाढलेली माणसं. सह्याद्रीतला किल्ला किंवा हेमाडपंती देऊळ काढताना कॅमेरा फसतो, काळा दगड करडा करायला बघतो, म्हणून आपण हाताने एक्स्पोजर खाली ओढतो. वीस वर्षांत माझ्या अंगठ्याला ती सवय लागलेली. इथे सगळं उलटं. घरं, रस्ते, कुंपणं, कडे, सगळा दगड फिकट मधाच्या रंगाचा. कॅमेरा त्याला काळपट करतो, म्हणून वर ढकलायचं, एक स्टॉप तरी, म्हणजे दुप्पट उजेड. पहिल्या दिवशीचे माझे निम्मे फोटो अंधारे आलेत, कारण अंगठा सवयीने खालीच गेला. दुसरी गोष्ट, दुपारी बारा ते चार कॅमेरा बंद ठेवायचा असं सगळे सांगतात. इथे गल्लीत उलट मजा. समोरच्या भिंतीवरून परतणारा उजेड सावलीतल्या माणसाच्या तोंडावर इतका मऊ पडतो की वेगळा रिफ्लेक्टर नको.

आणि ट्रायपॉड रोज गोड्या पाण्याने धुवा. सांधे मिठाने धरतात. मला विचारा.

भूगर्भ:

तो मधाच्या रंगाचा दगड म्हणजे ग्लोबिजेरिना चुनखडी. डोळ्यांना न दिसणाऱ्या समुद्री जिवांच्या कवचांचा गाळ. खाणीतून काढल्यावर इतका मऊ असतो की करवतीने कापता येतो, आणि हवेत राहून त्यावर कवच धरतं, रंग गडद होतो. मिठागरं त्याच्यात कोरता आली ती या मऊपणामुळेच. द्वेय्राची बिस्किटं त्याच्या खालच्या, जास्त टणक प्रवाळी चुनखडीच्या अगदी वरच्या भागातली.

वरती आणखी एक थर आहे तो गोझोला हिरवं ठेवतो: निळी चिकणमाती. पावसाचं पाणी वरच्या चुनखडीतून झिरपतं आणि या मातीवर अडतं, म्हणून टेकड्यांच्या कडेला झरे फुटतात. सपाट माथ्याच्या टेकड्या आणि खाली पायऱ्यांची शेतं दिसतात ती त्यामुळे. आपल्याकडे जांभ्याच्या सड्याखाली झरे असतात, साधारण तसाच प्रकार.

शंकासुर:

भाषेबद्दल कोणी बोलेल का? तिथली भाषा अरबी वळणाची आणि लिपी रोमन, हे कसं काय?

जुनीपाने:

माल्टी भाषा सेमिटिक कुळातली, सिसिलीतल्या जुन्या अरबीपासून आलेली, वर इटालियनचा भरपूर मुलामा. पण लोक कट्टर कॅथलिक. देवाला "आल्ला" म्हणतात आणि चर्चमध्ये म्हणतात! गोझोचं त्यांचं नाव "आउदेश". आपल्याला ओळखीचे शब्द सापडतात कारण आपल्याकडेही ते फार्सीमार्गे आले. जगाला "दिन्या", म्हणजे आपली दुनिया. पुस्तकाला "क्तीब". मिठाला "मेल्ह".

आणखी एक धागा आपल्याकडचा. १८७८ मध्ये रशियाशी युद्ध पेटणार असं वाटत होतं तेव्हा इंग्रजांनी मुंबईहून सुमारे सात हजार हिंदी सैनिक जहाजाने माल्टाला नेले होते. त्यांत मुंबई इलाख्याच्या पलटणीही होत्या. युद्ध झालंच नाही, काही महिन्यांत सगळे दुसरीकडे हलवले. त्या शिपायांना हा पांढरा दगड बघून काय वाटलं असेल कोण जाणे.

पोहेप्रेमी:

खाण्याचं बोला. शाकाहारी माणूस जगतो का?

उजेडवाला:

मजेत. पास्तित्सी नावाची तेलकट, पापुद्र्यांची होडी मिळते, आत रिकोटा नाहीतर वाटाण्याचं सारण. खारी बिस्किटात रगडा भरल्यासारखं, सकाळी कामावर जाणारे रस्त्यात उभ्याने खातात. मेंढीच्या दुधाची ज्बेय्ना, म्हणजे चीजची वडी, मुठीएवढी, मिरी लावून वाळवलेली. आणि गोझोची फ्तीरा, म्हणजे चपटा पाव, बटाट्याच्या चकत्या घालून भट्टीत भाजलेला. नादूरच्या बेकरीत रांग लावावी लागते. कडू संत्र्याचं "किन्नी" पहिल्या घोटाला औषध वाटतं, तिसऱ्या दिवशी मागून प्यायलो.

लेन्सवेडा:

माणसांचे फोटो? तिथे लेस विणणाऱ्या म्हाताऱ्या असतात ना दाराशी बसलेल्या?

उजेडवाला:

असतात. मांडीवर लांबुळकी उशी, तिच्यावर टाचण्या, आणि पंधरा-वीस लाकडी गिट्ट्या. गिट्ट्या एकमेकींवर आपटण्याचा टकटक आवाज गल्लीत शिरल्याशिरल्या येतो. एका आजींना हातानेच खुणेने विचारलं. त्यांनी गिट्टी न थांबवता मान हलवली: नाही. मी बरं म्हणून पुढे गेलो.

लेन्सवेडा:

कोपऱ्यावर जाऊन दोनशेची, लांबून टिपणारी लेन्स लावायची ना मग! त्यांना कळलंही नसतं. रस्त्यावरची फोटोग्राफी परवानगी मागून होत नाही. थोर थोर लोकांनी सगळं असंच काढलंय.

उजेडवाला:

न विचारता काढतो मी, खोटं कशाला बोलू. पण एकदा विचारलं आणि "नाही" ऐकलं की कोपऱ्यावर जाऊन काढणं हे दोरी ओलांडण्यासारखंच आहे. आणि दोरीचं माझं आदल्याच आठवड्यात झालं होतं.

आगरकन्या:

लेन्सवेडा, एक विचारू? तुमची आई दाराशी तांदूळ निवडत बसलीय आणि कोपऱ्यावरून कोणी दोनशेची लेन्स लावलीय. चालेल?

लेन्सवेडा:

आई लाटणं घेऊन धावेल. पटलं, थोडंसं. पण सगळ्यांनी असंच ठरवलं तर पन्नास वर्षांनी त्या आजी कशा बसायच्या हे कोणाला दिसणार? हाही प्रश्न आहेच.

उजेडवाला:

आहेच. उत्तर नाही माझ्याकडे. शाराला जगंतियाची देवळं आहेत, इसवीसनपूर्व ३६०० च्या सुमाराची, इजिप्तच्या पिरॅमिडांच्या आधीची. एकेक दगड बैलगाडीएवढा. गावकऱ्यांची गोष्ट अशी की सान्सुना नावाच्या राक्षसिणीने काखेत पोर घेऊन, घेवडा खात, डोक्यावरून हे दगड आणले. आपल्याकडे पांडवांनी एका रात्रीत बांधलं म्हणतात, तशी. बांधणाऱ्यांचं चित्र नाही, नाव नाही. दगड रचायची पद्धत मात्र तिथेच दिसते.

निळी छत्री:

आम्ही डिसेंबरात जायचा विचार करतोय. गर्दी असते का? आणि गाडी घ्यावी का?

उजेडवाला:

जून-जुलैमध्ये माल्टा आणि गोझोच्या मधल्या कोमिनो बेटाच्या निळ्या खाडीत पाय ठेवायला जागा नसते, तिथे जाऊच नका. गोझोचे दिवसाचे पाहुणे संध्याकाळच्या बोटीने परततात आणि सहानंतर बेट रिकामं होतं. म्हणून राहायला जा, बघायला नको. डिसेंबरात मीठ नसेल, पण लाटा बघण्यासारख्या. गाडी घ्यायला हरकत नाही, आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, इंग्रजांची कृपा. प्लग मात्र इंग्लंडसारखे, तीन चौकोनी पिनांचे, आपले गोल पिनांचे चालत नाहीत. बहुतेक बस राजधानी रबातवरून जातात (नकाशात व्हिक्टोरिया म्हणूनही दिसेल), दोन ठिकाणं जोडायची तर बहुतेक वेळा मध्ये तिथे उतरावं लागतं.

रबातला वर किल्ला आहे, चितादेल्ला. दुपारी तिथे कोणी नसतं. १५५१ मध्ये तुर्कांनी हा किल्ला घेतला आणि आत आसऱ्याला आलेली बेटावरची जवळजवळ सगळी माणसं, पाच हजारांच्या आसपास, गुलाम करून नेली. नंतर बेट हळूहळू पुन्हा वसलं. तटावर उभं राहिलं की चारी दिशांना समुद्र दिसतो आणि पहारेकऱ्यांना काय दिसत असेल ते लगेच कळतं. माझ्याकडे तिथला एकही बरा फोटो नाही.

आगरकन्या:

त्या काकांना फोटो पाठवलात का?

उजेडवाला:

छापून पोस्टाने पाठवले, ऑगस्टमध्ये. पत्त्यात गावाचं नाव आणि "निळं दार, श्वेय्नी" एवढंच. पोहोचले. त्यांच्या मुलीने कळवलं की बाबांनी एक गुहेच्या दारावर आतून लावलाय. तो फोटो ३. आणि हो, सगळे फोटो आत्ता पुन्हा चढवलेत. बघा दिसतात का.

शंकासुर:

दिसले! सहावा तर वॉलपेपर करण्यासारखा आहे. फोटो ३ मध्ये काका ब्रश घेऊन उभे आहेत ते ठीक, पण त्यांच्या पायाशी त्या पांढऱ्या चौकोनात तीन लालसर ठिपके कसले आहेत? मीठ असं असतं का?

उजेडवाला:

नाही. रामलाची वाळू. माझ्या ट्रायपॉडच्या पायांना लागलेली.